एक्स-रे चांगला, तरी खुबा दुखतो?

भगिनींनो, मांडी घालून बसताना जांघेत कळ येते, आणि आपण ‘वात असेल’ म्हणून तेल चोळत राहतो. एक्स-रे चांगला आला की घरचेही निर्धास्त! पण खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तर हाड आतून मरू लागते. सुरुवातीला हे एक्स-रेत दिसत नाही; एम.आर.आय.मध्ये दिसते.

स्टिरॉइड आणि अति मद्यपान ही त्याची मोठी कारणे. २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला यांनी कोविडनंतरचे असे तीन रुग्ण नोंदवले. तिघेही चाळिशीच्या आतले.

तेव्हा दुखणे तुमचे असो वा यजमानांचे, दमा, संधिवात किंवा कोविडसाठी स्टिरॉइड घेतले असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. चालू गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

अक्कलकोटहून सोलापूरला तपासणीला जाताना जुने एक्स-रे बरोबर घ्या. दोन्ही खुबे तपासायचे का, तेही विचारा. यंत्रात मोठे लोहचुंबक असते. मंगळसूत्र, जोडवी घरीच काढून ठेवा, पेसमेकर असल्यास आधी सांगा.

गोळा चपटा होण्याआधी दुखणे कळले, तर सांधा वाचवता येण्याची आशा असते. उशीर झाला, तर बहुधा तो बदलावाच लागतो. म्हणून अंगावर काढू नका हं!