ताग्याची पारख करतो, तारेची का नाही?

कापडाचा व्यापारी माल घेताना काय काय पाहतो, हे आमच्या वाचक बंधूंना सांगायला नको. सुताचा काउंट विचारायचा, रीड-पिक मोजायचे, पन्हा मापायचा, तागा उलगडून उजेडात धरायचा आणि मगच भावाची बोलणी करायची, अशी आमची सर्वांची रीत आहे. पण हाच व्यापारी घराचे वायरिंग बदलायला निघाला की वायरमनला एकच सवाल करतो, "पॉइंटमागे काय घेणार?" कोणती तार घालणार, किती जाडीची, अर्थिंगचे काय, हे कोणी विचारत नाही. खराब निघालेला तागा परत करता येतो. भिंतीत गाडलेली तार परत करता येत नाही.

आमच्या भिवंडीसारख्या गावात हा विषय आता टाळण्याजोगा राहिलेला नाही. जुन्या घरांचे वायरिंग दोन ट्यूबलाइट, दोन पंखे आणि एक रेडिओ यांच्या हिशेबाने झाले होते. आज त्याच तारेवर फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, गीझर आणि एसी चालतो. दोन किलोवॉटचा गीझर एकटाच २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर ओढतो. फ्यूज वारंवार उडू लागला की कोणीतरी त्यात जाड तार घालतो, किंवा एमसीबी पडू लागली की तिच्या जागी मोठी बसवतो. लोकांना वाटते दुरुस्ती झाली. खरे तर पहारेकऱ्यालाच झोपवलेले असते. एमसीबीचे काम तारेला तापू न देण्याचे आहे. तार तीच ठेवून एमसीबी मोठी केली, तर आता एमसीबी पडणार नाही, तार जळेल.

खाली कारखाना आणि वर घर, अशी आपल्याकडे पुष्कळ बिऱ्हाडे आहेत. लूमच्या थ्री-फेज लाइनमधून वर घराला वीज ओढण्याची चाल काही ठिकाणी आहे. तिथे न्यूट्रल तुटला, तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात आणि टीव्ही-फ्रिज एका क्षणात जातात. शिवाय एका कामासाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या कामासाठी वापरणे २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरते आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते. चार पैसे वाचवण्याचा हा सौदा घाट्याचाच आहे.

भिवंडीत वीजवितरणाचे काम २००७ पासून टोरेंट पॉवरकडे आहे. बिलाच्या तक्रारी घेऊन लोक तिकडे जातात, जरूर जावे. पण मीटरच्या पुढे घरात जे वायरिंग आहे, त्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे ध्यानात ठेवावे.

दिवा, पंखा, स्विच किंवा फ्यूज बदलणे एवढे किरकोळ काम सोडले, तर नवे वायरिंग किंवा जुन्यात फेरबदल परवानाधारक ठेकेदाराकडूनच आणि पात्रता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, असे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतच होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नंतरच्या सुरक्षा विनियमांनीही हाच दंडक कायम ठेवला. आपल्याकडे मात्र काम एकाचे आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची, असा व्यवहार चालतो. घर न पाहता दिलेली सही म्हणजे माल न पाहता दिलेली हमी. अशा हमीवर आपण कधी उधारी देऊ का?

म्हणून काम देण्यापूर्वी कारागिराकडून लेखी यादी घ्यावी. दिव्या-पंख्यासाठी दीड, मोठ्या प्लगसाठी अडीच आणि एसी-गीझरसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, हे साधारण माप आहे. तारेवर आयएसआयची खूण पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. प्रत्येक प्लगपर्यंत अर्थची वेगळी हिरवी तार जावी. न्यूट्रललाच अर्थ जोडून देणाऱ्याला तिथेच थांबवावे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी जरूर बसवावी, कारण एमसीबी तारेला वाचवते आणि आरसीसीबी माणसाला. काम संपल्यावर मेगर लावून तपासणी करून घ्यावी. इन्सुलेशन किमान एक मेगोहम भरले पाहिजे. शेवटचा हप्ता या तपासणीनंतरच द्यावा.

आमच्याच घराच्या कामासाठी दोन कारागिरांनी अंदाज दिले, तेव्हा एकाचा आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ दीडपट होता. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर स्वस्त यादीत अर्थची तार नव्हती, आरसीसीबी नव्हती आणि एसीलाही अडीचचीच तार होती. भावातला फरक नफ्याचा नव्हता, मालाचा होता. आम्ही महाग वाटणाऱ्यालाच काम दिले.

आता एक कडू गोष्ट. चांगला कारागीर मिळत नाही म्हणून आपण ओरडतो, पण त्याची मजुरी देताना घासाघीस करतो. मग तो तरी तार कुठे कापणार? आपल्या मोहल्ल्यांत हुशार पोरे कमी नाहीत. उस्तादाच्या हाताखाली पाच-सात वर्षे राबून ती काम शिकतात, पण हातात कागद नसतो, म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या सहीखाली रोजंदारी करतात. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तो दाखला आणि पुढे राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना हातात आला, की हाच मुलगा स्वतःच्या नावाने ठेका घेऊ शकतो. ज्यांच्या पदरी असे मदतनीस आहेत, त्या उस्तादांनी त्यांना शिकायला सवड द्यावी आणि आम्ही व्यापाऱ्यांनी फीचा भार उचलावा. लग्नाच्या रोषणाईत एका रात्रीत जेवढा पैसा जातो, त्यातून एका पोराची फी सहज निघेल.

पावसाळ्यात भिंती ओलावल्या की जुन्या तारांचे दोष बाहेर येतात. त्याआधी प्रत्येक घरमालकाने आपला बोर्ड एकदा उघडून दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे. दाखवावा मात्र जाणत्या आणि परवाना असलेल्या माणसालाच.