गर्भातील बाळ आणि शिशाचे विष

मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा १९९०च्या दशकापासून चालू आहे. धारणी व चिखलदरा या तालुक्यांची नावे निघाली की कुपोषण हा शब्द ओघाने येतोच. मात्र या कुपोषणाची एक बाजू आम्हांला दुर्लक्षित वाटते. ज्या मातेच्या शरीरात लोह व कॅल्शियम कमी असते, तिचे शरीर अन्नपाण्यातून आलेले शिसे अधिक प्रमाणात शोषून घेते.

वार हे शिसे अडवू शकत नाही. एवढेच नव्हे, तर पूर्वी हाडांत साठलेले शिसेही गरोदरपणात कॅल्शियमबरोबर रक्तात उतरते व गर्भापर्यंत पोहोचते. परिणामी बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे जन्मू शकते. मेंदूची वाढ खुंटू शकते. ही हानी बहुधा पाळण्यात नव्हे, तर शाळेत उघड होते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली पाऱ्याची विषबाधा उघडकीस आली, तेव्हा वरवर निरोगी दिसणाऱ्या मातांच्या पोटीही गंभीर अपंगत्व असलेली बालके जन्मल्याचे पुढे दिसून आले.

युनिसेफच्या २०२०च्या अहवालानुसार जगातील दर ३ बालकांपैकी एकाच्या रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक आहे. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातील पाण्याचा खारटपणा जिभेला कळतो. शिसे मात्र कळत नाही. पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच ऑक्साइड. भेसळीच्या हळदीतील पिवळा रंग, भिंतीवरचा जुना ऑइलपेंट, भंगारात फोडलेल्या बॅटऱ्या या त्याच्या आणखी वाटा होत.

उपाय अशक्य नाहीत. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. २०१६च्या नियमांनी रंगांतील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घातली. पण जुन्या भिंती तशाच आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीत हिमोग्लोबिन व रक्तदाब पाहिला जातो. शिशाची चौकशी त्यात नसते. भंगार, बॅटरी वा रंगकामाशी संबंधित घरांतील मातांची तरी ती व्हावी, अशी मागणी आपण करावयास हवी. तोवर लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या टाळू नयेत. अशक्तपणा घालविणाऱ्या त्या गोळ्या शिशापासूनही काही अंशी रक्षण करतात, हे आशाताईंनी घरोघरी सांगावे. जन्मास येणाऱ्या जिवाला स्वतःची तक्रार मांडता येत नाही. ती आपणच मांडावयाची आहे.