हाडांचा घसारा

मराठी भाषेने हाडाला मोठा मान दिला आहे. एखादा मनुष्य आपल्या व्यवसायाशी पूर्णपणे एकरूप झाला की त्याला आपण हाडाचा शिक्षक किंवा हाडाचा शेतकरी म्हणतो. संसारासाठी झिजलेल्या बापाने हाडांची काडे केली, असे कृतज्ञतेने सांगतो. तत्त्वासाठी न वाकणाऱ्याला कणा आहे म्हणतो. वज्र घडविण्यासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. या सर्वांमागे दोन गृहीते दडलेली आहेत. पहिले असे की, शरीरातील इतर सारे झिजले तरी हाड तेवढे टिकून राहते. दुसरे असे की, टणक हाडे हा पुरुषाचा जन्मसिद्ध ठेवा आहे.

ही दोन्ही गृहीते खरी नाहीत, आणि त्यांची किंमत अनेक पुरुष निमूटपणे मोजीत असतात. हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराला वैद्यकीय मराठीत अस्थिसुषिरता म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर ऑस्टिओपोरोसिस असे लिहिलेले असते. हा विकार पुरुषाला झाला म्हणजे उपचारांपूर्वीच एक वेगळी अडचण उभी राहते. आपल्याला झालेला आजार आपलाच आहे, हे त्याला स्वतःला पटत नाही आणि भोवतालच्यांनाही पटत नाही. ही अडचण वैयक्तिक दुर्बलतेची नसून हिशेबाच्या सदोष पद्धतीची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जिवंत खाते

हाड विटांच्या भिंतीसारखे निर्जीव नसते. जुने हाड विरघळविणाऱ्या पेशी आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी यांचे काम शरीरात जन्मभर चालू असते. प्रौढ माणसाचा सांगाडा या रीतीने साधारणपणे दहा वर्षांत नव्याने घडतो. तिशीच्या सुमारास हाडांची शिल्लक सर्वाधिक असते. त्यानंतर हळूहळू खर्च जमेवर मात करू लागतो. तूट वाढत गेली की हाडाच्या आतील जाळी विरळ होते, आणि एरवी ज्याने ओरखडाही उठला नसता अशा किरकोळ आघाताने मनगट, खुबा किंवा पाठीचा मणका मोडतो. तोपर्यंत काही दुखत नाही. मणक्याचे मोड तर बहुतेक वेळा पाठदुखीच्या किंवा वाढत्या वयाच्या नावावर खपून जातात.

या विकाराला ऑस्टिओपोरोसिस हे नाव स्ट्रासबुर्ग येथील विकृतिशास्त्रज्ञ झां लोब्स्टाइन यांनी १८३०च्या दशकात दिले. पुढे १९४१ साली बोस्टनच्या फुलर अल्ब्राइट यांनी रजोनिवृत्तीशी त्याचा संबंध दाखवून दिला. हा शोध मोलाचा होता, कारण रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची झीज खरोखरच वेगाने होते. परंतु त्यामुळे हा आजार स्त्रियांचा म्हणून ओळखला जाऊ लागला. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेने निदानाची जी मोजपट्टी ठरविली, तीही स्त्रियांवरील मोजमापांवर आधारलेली होती. अलेंड्रोनेट या औषधाला अमेरिकेत स्त्रियांसाठी १९९५ साली मान्यता मिळाली. पुरुषांसाठी ती मिळण्यास २००० साल उजाडले.

वस्तुस्थिती अशी की, इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशन या संस्थेच्या अंदाजानुसार जगात पन्नाशीपुढील दर तीन स्त्रियांपैकी एकीला आणि दर पाच पुरुषांपैकी एकाला अशा ठिसूळपणामुळे हाड मोडण्याचा प्रसंग येतो. खुब्याचे हाड मोडल्यानंतरच्या वर्षभरात दगावण्याचे प्रमाण तर पुरुषांमध्ये स्त्रियांहून अधिक आढळते. म्हणजे हा आजार पुरुषांना तुलनेने कमी होतो, पण होतो तेव्हा अधिक महाग पडतो.

निदान आणि नकार

प्रस्तुत लेखक पन्नाशी गाठण्यापूर्वीच या पुरुषांत दाखल झाला. तरुणपणापासून दम्याचा विकार. तो बळावला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. अशी अनेक वर्षे गेली. एके दिवशी कपाटातून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढताना पाठीत कळ आली. दोन महिने ती 'उसण' म्हणून शेकली गेली. अखेर क्ष-किरण चित्रात एक मणका पाचरीसारखा दबलेला दिसला. पन्नाशीच्या आतील पुरुषात केवळ यंत्रातील आकड्यावरून हे निदान करीत नाहीत. त्याच्या वयाच्या इतरांशी तुलना करतात, आणि मोड कसा झाला व त्यामागे कारण काय, हे पाहतात. येथे दोन्ही गोष्टी पुरेशा बोलक्या होत्या.

स्टेरॉइड औषधांनी असंख्य दमेकऱ्यांचे आणि सांधेरोग्यांचे आयुष्य सुसह्य केले आहे. १९४९ साली मेयो क्लिनिकमधून कॉर्टिसोनचा जो प्रभाव जाहीर झाला, त्याबद्दल पुढच्याच वर्षी नोबेल पारितोषिक दिले गेले, यात नवल नाही. या गोळ्यांनीच लेखकाचा श्वास राखला, हे ऋण अमान्य करण्याचे कारण नाही. त्या भीतीपोटी मनाने बंद करणे तर जिवावर बेतू शकते. तथापि दीर्घकाळ पोटात घेतलेले स्टेरॉइड हे हाडांच्या झिजेचे एक प्रमुख कारण आहे, आणि झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. इतक्या वर्षांत एकाही चिठ्ठीवर हाडांचा उल्लेख आला नाही. रुग्ण पुरुष होता आणि वयाने तरुण होता. त्यामुळे तो प्रश्न कोणाच्या मनात उद्भवला नसावा.

निदानानंतर शिक्षकांच्या खोलीतील पहिली प्रतिक्रिया होती, 'अहो, हा तर बायकांचा आजार!' बोलणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नव्हती. पण आजार चुकीच्या पत्त्यावर आला आहे, अशी भावना त्या वाक्यात होती, आणि खरे सांगावयाचे तर ती रुग्णाच्या मनातही होती. धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाने राज्य परिवहनाच्या गाडीत मागचे बाक नको म्हणून पुढची जागा मागावी, समारंभात खुर्च्या उचलण्यास नकार द्यावा, घरी पाण्याची भरलेली बादली पत्नीकडे सरकवावी, ही दृश्ये आपल्या समाजाच्या सवयीची नाहीत. समर्थांच्या मारुतीपुढे जोर काढणाऱ्या आणि औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रचार केलेले सूर्यनमस्कार घालणाऱ्या परंपरेत वाढलेल्या माणसाला, 'मणका मोडला आहे, आता पुढे वाकण्याचे व्यायाम नकोत', हा सल्ला शिक्षेसारखा वाटतो. सूर्यनमस्कार बंद होतात तेव्हा व्यायामाबरोबरच स्वतःविषयीची एक कल्पनाही हातची जाते.

सकल आणि निव्वळ

अशा प्रसंगी पुरुष बहुधा तीन मार्गांपैकी एक धरतो. काही जण आजार नाकारतात आणि पूर्वीसारखीच ओझी उचलीत राहतात. काही जण शरण जातात. पडण्याच्या भीतीने चालणेच सोडतात, आणि न वापरलेले हाड व स्नायू अधिकच क्षीण होतात. तिसरे आजाराशी 'झुंज' घेतात. झुंजीची भाषा ऐकावयास बरी वाटते, पण जो विकार जन्मभर सोबत राहावयाचा आहे त्याच्याशी कोणी रोज झुंजू शकत नाही. पहिला उत्साह ओसरला की औषधही सुटते.

चौथा मार्ग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित असावयास हवा. १९७२ साली मायकेल ग्रॉसमन या अर्थशास्त्रज्ञाने आरोग्याकडे भांडवल म्हणून पाहणारा सिद्धांत मांडला. प्रत्येक मनुष्य जन्मतः आरोग्याचा काही साठा घेऊन येतो. वयाबरोबर त्याचा घसारा होतो. आहार, व्यायाम, औषधोपचार आणि वेळ यांच्या गुंतवणुकीने त्यात भर घालता येते. यंत्राचा घसारा दाखविल्याने कारखान्याची अप्रतिष्ठा होत नाही; उलट तो न दाखविणाऱ्या हिशेबनिसालाच आपण दोष देतो. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे शिकविताना आपण सकल आणि निव्वळ यांतील फरक फळ्यावर लिहून दाखवितो. सकल उत्पन्नातून भांडवलाची झीज वजा केल्यावाचून देशाला खरोखर किती मिळाले ते कळत नाही. पुरुषाला मात्र आपण आयुष्यभर सकल आकड्यांत मोजतो. त्याने किती मिळविले आणि किती ओझे वाहिले, हे पाहतो. वाहता वाहता किती झिजला, ही वजाबाकी कोणी करीत नाही.

निदान स्वीकारणे म्हणजे ही वजाबाकी स्वतःच्या हाताने करणे होय. ती केली की पुढचे बरेचसे व्यवहारी आणि नीरस असते. आठवड्यातून एकदा उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावयाची आणि अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही. वैद्यांच्या सल्ल्याने चालणे, तोल सावरण्याचे आणि पाठ ताठ ठेवणारे व्यायाम करावयाचे. न्हाणीघरातील निसरडी फरशी बदलावयाची, रात्री दिवा लावून उठावयाचे. गठ्ठा उचलण्यास विद्यार्थ्याला हाक मारावयाची आणि त्याबद्दल क्षमा मागत बसावयाचे नाही. यातले शेवटचे सर्वांत अवघड असते.

मोडल्यावर पैसे, मोडू नये म्हणून नाही

परंतु हा केवळ एका रुग्णाच्या मनोधैर्याचा प्रश्न मानणे योग्य होणार नाही. घसारा न मोजण्याची सवय आपल्या सार्वजनिक हिशेबातही आहे. २०१८ साली सुरू झालेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि २०२४ साली सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना ती खुली झाली. ही मोठीच सोय आहे. पण तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. खुबा मोडून शस्त्रक्रिया झाली तर पैसे मिळतील. तो मोडू नये म्हणून करावयाची हाडांची घनता-तपासणी आणि आठवड्याची गोळी यांचा खर्च मात्र बाह्यरुग्णाने बहुधा स्वतःच्या खिशातून करावयाचा. दुरुस्तीला अनुदान द्यावयाचे आणि देखभालीला द्यावयाचे नाही, ही धोरणाची उफराटी तऱ्हा झाली.

या उफराटेपणाची आणखी एक किंमत कोणत्याच खात्यात पडत नाही. खुबा मोडलेला पुरुष अंथरुणाला खिळतो तेव्हा त्याला उठविणे, बसविणे, आंघोळ घालणे हे काम बहुधा त्याची पत्नी, सून किंवा मुलगी करते. त्या श्रमांना वेतन नसल्याने राष्ट्रीय उत्पन्नात त्यांची नोंद होत नाही. जो आजार 'बायकांचा' म्हणून पुरुषाने दुर्लक्षिला, त्याचा भार शेवटी बाईच्याच पाठीवर येतो. आणि तिची स्वतःची हाडे त्या वेळी कोणी तपासलेली नसतात.

मागण्या फार मोठ्या नाहीत. दीर्घकाळ स्टेरॉइड घ्यावे लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या, पुरुष असो वा स्त्री, कागदावर पहिल्याच दिवशी हाडांच्या संरक्षणाची योजना लिहिली जावी. घरच्या घरी पडून हाड मोडलेल्या पन्नाशीपुढील कोणत्याही व्यक्तीला केवळ प्लास्टर घालून परत पाठवू नये; ते हाड का मोडले याचा शोध घ्यावा. ग्लासगो येथे १९९९ साली अशा रुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था सुरू झाली आणि पुढे अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. तेथे नवे यंत्र लागले नाही. अस्थिशल्यविभाग आणि औषधविभाग यांच्यात दुवा सांधणारा एक माणूस नेमावा लागला. आपल्या जिल्हा रुग्णालयांना हे अशक्य असण्याचे कारण दिसत नाही.

आहाराच्या बाबतीतही हीच गोष्ट. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी कॅल्शियमची शिफारस २०२० साली दिवसाला ६०० वरून १,००० मिलिग्रॅमपर्यंत वाढविली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. जी नाचणी कोकणातल्या आणि घाटावरच्या गरिबांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, ती तांदूळ-गव्हाच्या रेशनने मागे पडली. शाळेतील मुलांच्या जेवणात ती नियमाने आली, तर त्यांची शिल्लक तिशीपूर्वीच वाढेल. आजच्या पन्नाशीतील पुरुषाला या तरतुदीचा फारसा लाभ नाही. पण वर्गात पुढच्या बाकांवर बसलेल्यांना तो निश्चित आहे.

घसारा मान्य करणारा कारखाना बंद पडत नाही. तो यंत्राला तेल घालतो, भार वाटून देतो आणि काम चालू ठेवतो. मोडलेल्या मणक्यानिशी वर्गात उभे राहून शिकविता येते, असा अनुभव आहे. मात्र त्यासाठी शेजारी एक उंच खुर्ची ठेवावी लागते, आणि ती मागण्याचा संकोच पुरुषांनी आता सोडला पाहिजे.