घर आणि आरोग्य : दुखते कोठे, मूळ कोठे

गेल्या वर्षी माघ महिन्यात माझी आई गेली. ती पुण्यास होती, आम्ही इंदूरला. या सदरात घरचे दुःख मांडण्याचा प्रघात मी कधी ठेवला नाही, आणि आजही तेवढ्यासाठी लिहीत नाही. परंतु त्या दिवसांत माझ्या हातून प्रकृतीची जी हेळसांड झाली, ती दुःखात असलेल्या अनेक घरांत होत असते. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

खालच्या जबड्यातील माझी उजवी दाढ कित्येक महिन्यांपासून किडलेली होती. आईच्या आजारपणात तिच्याकडे पाहण्यास सवड नव्हती. तेराव्यापर्यंतचे दिवस लवंग धरून काढले. इंदूरला परतल्यावर मात्र निभेना, तेव्हा दंतवैद्यांकडे जाऊन ती काढून घेतली. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री उजव्या कानात असा ठणका सुरू झाला की, उशीवर डोके टेकवेना.

मी कोणालाही काही बोलले नाही. आई जाऊन महिना झालेला नाही आणि आपण दाढेचे रडगाणे काय गायचे, अशी लाज वाटत होती. मी रात्री उठून बसे, डोळ्यांतून पाणी वाही. घरच्यांना वाटे, आईच्या आठवणीने रडते आहे; रडू द्यावे, मन मोकळे होईल. पुढे पुढे मलाही तसेच वाटू लागले. आईचा दर रविवारचा फोन मी याच कानाने ऐकत असे. तोच कान दुखतो आहे, तेव्हा हे दुखणे शरीराचे नव्हेच, अशी माझी जवळजवळ खात्री झाली.

सासूबाईंना कानाचे कळले तेव्हा त्यांनी लसूण घालून तेल कोमट केले. ते कानात घालणार, तोच ह्यांनी विचारले, "चार दिवस तू डाव्या बाजूनेही नीट चावत नाहीस, ते का?" त्या एका प्रश्नाने माझी लाज मोडली. तासाभरात आम्ही दंतवैद्यांकडे होतो.

त्यांनी प्रथम कान पाहून घेण्यास सांगितले. कान स्वच्छ होता. दोष दाढेच्या रिकाम्या खोबणीत होता. दात काढल्यावर खोबणीत रक्त साकळून गाठ बनते आणि तीच खालच्या हाडाचे पांघरूण होते. ती गाठ लवकर विरघळली किंवा निसटली, तर हाड उघडे पडते. ह्यालाच 'कोरडी खोबण' म्हणतात. साधारणपणे दात काढल्यानंतर दोनतीन दिवसांनी, म्हणजे दुखणे ओसरायला हवे तेव्हाच, ते उलट वाढते. तोंडाला घाण वास येतो, चव बिघडते आणि वेदना त्याच बाजूच्या कानाकडे व कानशिलाकडे चढत जाते. खालच्या दाढांच्या बाबतीत हे अधिक आढळते.

आता जबड्याचे दुखणे कानात का जावे? चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारा एक मोठा मज्जातंतू आहे. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी हा पाचवा. त्याच्या तीन शाखा होतात. तिसरी शाखा खालचा जबडा व खालचे दात यांच्या संवेदना नेते. आणि तिचाच एक फाटा कानापुढील त्वचा व कानाच्या नळीचा काही भाग यांच्याकडे जातो. दोन गावांची माणसे एकाच वाटेने आली, तर कोण कोणत्या गावचा, हे वेशीवरच्या रखवालदाराने कसे ओळखावे? मेंदूचीही तशीच फसगत होते. कानात तेल घालणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! शिवाय पडद्याला छिद्र असेल तर ते तेल अपायकारक ठरते.

दंतवैद्यांनी खोबण धुतली, औषधाची पट्टी भरली. अर्ध्या तासात ठणका निवाला. त्या रात्री मी सलग आठ तास झोपले. सकाळी जाग आली तेव्हा दुखत काहीच नव्हते, आणि आई आठवून मी खूप रडले. ते रडणे निराळे होते. त्यात केवळ आईच होती.

ह्यावरून शोकाचा आणि वेदनेचा संबंधच नाही, असे मात्र कोणी समजू नये. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली, तीत शरीराच्या संवेदनेबरोबर भावनेचाही समावेश आहे. त्यापूर्वी १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी असे मांडले होते की, वेदनेचे निरोप वाटेत जणू एका दारातून जातात आणि मनाची स्थिती ते दार कमीअधिक उघडू शकते. जागरण, अर्धपोटी राहणे आणि चिंता यांमुळे तीच वेदना अधिक बोचते. दुःखात माणूस नकळत दात आवळून धरतो, झोपेतही. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे आहे. दाढ काढताना बराच वेळ तोंड उघडे ठेवल्याने तो आधीच शिणलेला असतो. त्यात हा ताण पडला, तर खोबण नीट भरत असतानाही कान दुखू शकतो. अशा वेळी मऊ अन्न, दोन दिवसांनंतर जबड्यावर बाहेरून कोमट शेक आणि ओठ मिटलेले पण दात विलग ठेवण्याची सवय यांनी आराम पडतो.

दाढ काढल्यावर पाळावयाचे नियम सोपे आहेत. पहिले चोवीस तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये, नळीने पेय ओढून पिऊ नये. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ धरावा. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर हलकेच चूळ भरावी. विडी, सिगारेट, तंबाखू व मिश्री निदान जखम भरेपर्यंत दूर ठेवावी. धूम्रपानाने कोरड्या खोबणीचा धोका वाढतो. खोबणीत काडी, लवंग किंवा कापूस कोंबू नये. वेदनाशामक गोळी दंतवैद्यांनी सांगितली असेल तीच आणि तेवढीच घ्यावी. दमा, पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते आधी सांगावे.

तिसऱ्या दिवसानंतर वेदना वाढत गेली, ताप आला, सूज पसरू लागली, तोंड उघडेना किंवा कानातून स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवावे. गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास झाला, तर रुग्णालय गाठावे. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीवर दडपण, घाम वा धाप असेल, तर दाताचा विचार बाजूस ठेवून हृदयाची तपासणी तत्काळ करावी. प्रियजनाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दिवसांत हा धोका वाढतो.

आणि मनाचे काय? शोकाला औषधाची गरज असतेच असे नाही. त्याला वेळ आणि माणसे लागतात. परंतु आठवडे उलटले तरी झोप व अन्न परतत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तेही दुखणेच समजून सांगावे. शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

शेवटची विनंती, शोक असलेल्या घरी भेटीस जाणाऱ्यांना. आपण तेथे "धीर धरा" म्हणतो आणि उठतो. त्यापूर्वी आणखी तीन प्रश्न विचारावेत : जेवलात का? झोप लागते का? अंगात कोठे दुखते का? गेलेल्या माणसासाठी आपण दुखणे अंगावर काढतो आहोत, असे शोकात वाटते खरे. माझी आई असती तर फोनवर माझा आवाज ऐकताच तिने पहिला प्रश्न केला असता, "दाढ दाखवलीस का?"