फुटलेली काच आणि विम्याचा हिशेब

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कोपरगाव परिसरातील रस्त्यांचे रूप पालटते. सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे आणि कर्मवीर शंकरराव काळे या दोन्ही सहकारी साखर कारखान्यांकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मोळ्यांची टोके ट्रॉलीच्या कडेबाहेर हातभर डोकावत असतात. याच रस्त्यांवर शिर्डीला येणाऱ्या भाविकांची वर्दळ बाराही महिने असते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून तीत बाहेरगावच्या वेगवान मोटारींची भर पडली आहे. अशा ठिकाणी एखाद्या एसयूव्हीच्या बाजूची काच फुटणे ही काही मोठी दुर्घटना नव्हे. मात्र त्यानंतरच्या तासाभरात, रागाच्या किंवा घाईच्या भरात जे निर्णय घेतले जातात, ते काचेच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडू शकतात.

उदाहरणादाखल असे समजावे, की कोपरगावातील एका धान्य-व्यापाऱ्याचे कुटुंब लग्नसमारंभाहून परतत आहे. पुतण्या गाडी चालवीत आहे, मागच्या आसनावर घरातील स्त्रिया व लहान मुले आहेत. ट्रॉलीला मागे टाकताना उसाचे एक टोक मागच्या दाराच्या काचेवर आपटते आणि क्षणार्धात काचेचा चुरा आत पसरतो. गाडी थांबते. ट्रॅक्टरही थांबतो.

"काका, याची चावी काढून घेऊ का?" पुतण्या विचारतो.

"चावी राहू दे. आधी पोरांचे डोळे बघ," काका सांगतात.

हा क्रम योग्यच आहे. मोटारीच्या बाजूच्या काचेचे तुकडे बोथट असल्याने खोल जखमा सहसा होत नाहीत. परंतु बारीक कण डोळ्यांत, केसांत आणि कपड्यांच्या घड्यांत जातात. मुलांना डोळे चोळू देऊ नयेत. स्वच्छ पाण्याची धार सोडून डोळे धुवावेत आणि खुपणे थांबले नाही तर थेट नेत्रतज्ज्ञ गाठावा. अंगावरचा चुरा हाताने पुसू नये, कपडे झटकावेत. फुटलेल्या काचेचे बटण दाबून ती 'खाली जाते का' हे पाहण्याचा मोह बहुतेकांना होतो. तोही टाळावा, कारण अडकलेल्या तुकड्यांमुळे दाराच्या आतील यंत्रणा बिघडते आणि खर्च वाढतो.

राहिला ट्रॅक्टरचालक. तो बहुधा मजुरीवर काम करणारा असतो. ट्रॉलीत कधी बीड किंवा पाथर्डीकडून आलेले ऊसतोड मजुरांचे कुटुंबही बसलेले असते. त्याची चावी, मोबाइल किंवा खिशातील पैसे हिसकावून घेण्याचा अधिकार मोटारमालकाला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. वाहनाचा क्रमांक, ठिकाण व वेळ यांची नोंद करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि चूक खरोखर कोणाची हे शांतपणे पाहावे. वळणावर ट्रॉलीला खेटून पुढे जाणाऱ्याचा दोषही कमी नसतो. ट्रॉलीमालकाने स्वखुशीने काही भरपाई दिलीच, तर ती कागदावर लिहून घ्यावी. हे लेखन पुढे महत्त्वाचे ठरते. विमा हा क्षतिपूर्तीचा करार आहे, त्यातून नफा मिळवायचा नसतो. रस्त्यावर तीन हजार रुपये घेऊन पुन्हा संपूर्ण नुकसान विमा कंपनीकडून वसूल करणे म्हणजे एकाच हुंडीची रक्कम दोनदा उचलणे होय. पेढीवर ज्या गोष्टीला सरळ लबाडी म्हटले जाते, तिला गॅरेजमध्ये 'अॅडजस्टमेंट' म्हणण्याची रूढी पडली आहे.

फुटलेल्या काचेची दुरुस्ती का होत नाही, हेही समजून घेण्याजोगे आहे. महाराष्ट्राला काचकामाची जुनी परंपरा आहे. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगाव येथे काचकारखाना सुरू झाला आणि पुढे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचले. कंदिलाची ती काच फुटली की लांब, धारदार कपच्या पडत. मोटारीच्या दाराची काच निराळी असते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली जाते. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि अंतर्भाग ताणाखाली राहतो. हाच ताण तिला साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट करतो आणि एका ठिकाणी भेद झाला की तोच तिचा सर्वत्र एकदम चुरा करतो. अशी टफन काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणून ती अगोदरच त्या-त्या मॉडेलच्या मापात बनविलेली असावी लागते. समोरची विंडशील्ड दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा बसवून केलेली असते. तिला पडलेला लहानसा टवका भरून निघू शकतो. दाराच्या काचेला ती सोय नाही.

नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यातील छाप वाचावा. आयएसआय चिन्ह, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि उत्पादकाचे नाव त्यावर असते. गाडीच्या अन्य काचांवरील छापाशी ताडून पाहिल्यास रंगछटाही जुळते की नाही ते कळते. मागच्या कोपऱ्यातील स्थिर त्रिकोणी काच आकाराने लहान असली, तरी काही मॉडेलमध्ये ती दाराच्या काचेपेक्षा महाग पडते, शिवाय चिकटवलेली असल्यास चिकटद्रव्य वाळेपर्यंत गाडी धुता येत नाही. दुकानदार 'त्यासोबत काळी फिल्मही लावून देतो' असे म्हणाल्यास नम्रपणे नकार द्यावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मविरुद्ध दिलेला आदेश सर्वश्रुत आहे.

काच नाशिक किंवा पुण्याहून मागवावी लागली, तर मधले दोन-तीन दिवस उघडी खिडकी जाड प्लॅस्टिकने झाकावी. चिकटपट्टी मात्र रंगावर उन्हात फार काळ राहू देऊ नये, डाग पडतात.

खरी पारख बसवणीत होते. कारागीर दाराचे आतील पॅड काढतो, त्यामागील प्लॅस्टिकचा पडदा सोडवतो, काच वर-खाली करणाऱ्या रेग्युलेटरला नवी काच जोडतो आणि ती रबरी खाचेतून सरळ चढते का ते पाहतो. हे काम तास-दोन तासांचे. घाईत मात्र दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, दाराच्या तळाशी साचलेला काचेचा चुरा. दाराच्या आत शिरलेले पाणी बाहेर जाण्यासाठी तळाला लहान छिद्रे असतात. ती चुऱ्याने बुजली की पाणी आतच राहते आणि दार खालून गंजू लागते. मालकाला ते दोन पावसाळ्यांनंतर समजते. दुसरी, आतला प्लॅस्टिकचा पडदा नीट न चिकटवणे. त्यामुळे पाणी पायाखालच्या मॅटपर्यंत झिरपते. म्हणून पॅड परत बसवण्यापूर्वी मालकाने स्वतः टॉर्च घेऊन आत डोकवावे, व्हॅक्यूम लावायला सांगावे. आसनाच्या सरकपट्ट्यांत आणि मुलांच्या आसनाच्या फटींतही चुरा दडलेला असतो. बोट सापडल्यास आपोआप थांबणाऱ्या खिडक्या असतील, तर त्या नव्याने जुळवून घ्याव्या लागतात. त्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

आता हिशेब. समजा काचेचे ६,००० रुपये, रबरी बीडिंगचे ५०० आणि मजुरीचे १,००० असे एकूण ७,५०० रुपयांचे बिल झाले. गॅरेजमधून पहिला सल्ला मिळतो तो 'विमा आहे ना, क्लेम टाका' असा. वाहनविम्याच्या प्रचलित अटींनुसार काचेवर घसारा कापला जात नाही. हे अनेकांना ठाऊक नसते आणि केवळ काचेसाठी म्हणून झिरो डेप्रिसिएशनचे जादा संरक्षण घेतले जाते. रबर व प्लॅस्टिकवर मात्र ५० टक्के घसारा आहे. म्हणजे बीडिंगचे २५० रुपये वजा होतील. १,५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीस प्रत्येक दाव्यामागे २,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते, त्याहून लहान इंजिनास १,००० रुपयांची. मोठ्या एसयूव्हीच्या मालकाच्या हाती पडतील ५,२५० रुपये.

या रकमेपोटी काय जाते ते पाहावे. दावा न करणाऱ्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीपुरत्या हप्त्यावर नो क्लेम बोनस मिळतो. तो पहिल्या निरंक वर्षानंतर २० टक्के आणि पुढे क्रमाने २५, ३५, ४५ व ५० टक्के असा चढतो. तृतीय पक्षाच्या हप्त्याशी त्याचा संबंध नाही. एक दावा केला की बोनस शून्यावर येतो आणि जिना पुन्हा तळापासून चढावा लागतो.

वरील कुटुंबाचा बोनसपूर्व हप्ता १६,००० रुपये आणि चालू बोनस ३५ टक्के आहे असे धरावे. दावा न केल्यास पुढील नूतनीकरणात ४५ टक्के सूट मिळून ८,८०० रुपये भरावे लागतील. केल्यास पूर्ण १६,०००. पहिल्याच वर्षी ७,२०० रुपयांचा फरक पडला, म्हणजे मिळालेल्या ५,२५० रुपयांपेक्षा अधिक रक्कम एका वर्षातच परत गेली. दुसऱ्या वर्षी फरक ४,८०० रुपयांचा, तिसऱ्या वर्षी ४,००० चा, चौथ्या वर्षी २,४०० चा आणि पाचव्या वर्षी ८०० चा. एकूण १९,२०० रुपये, जीएसटी वेगळा. गाडीचे मूल्य दरवर्षी घटते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी भरेल. उद्या द्यावयाच्या रुपयाचे आजचे मोल कमी असते, हा बँकेतील नियमही येथे लागू करता येईल. तरीही उत्तर बदलत नाही. अशा स्थितीत काचेचे पैसे खिशातून द्यावेत हेच शहाणपणाचे.

याचा अर्थ दावा कधीच करू नये असा नव्हे. दारच चेपले असेल, रंगकाम निघाले असेल आणि बिल साठ हजारांवर गेले असेल, तर विमा त्याचसाठी आहे. तेव्हा 'बोनस जाईल' म्हणून संकोच करणे हा उलट्या दिशेचा अविचार ठरेल. बोनस संरक्षित ठेवणारे जादा कलम पॉलिसीत असेल तर गणित निराळे. ते कलम वाचल्याशिवाय निर्णय घेऊ नये. दावा करायचाच असेल, तर कंपनीला कळवून पाहणी होईपर्यंत काच बदलू नये.

चोरासाठी फुटलेल्या काचेचा मामला आणखी वेगळा आहे. शिर्डी, नाशिक अशा ठिकाणी वाहनतळावर गाडी उभी असताना काच फोडून आतील पिशवी नेली जाते. ती पिशवी, तीतील दागिने किंवा लॅपटॉप सर्वसाधारण वाहनविम्यात समाविष्ट नसतात. त्यासाठी स्वतंत्र कलम घ्यावे लागते. अशा वेळी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवणे आवश्यक असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. म्हणजे नाशिकला घडलेल्या प्रकाराची तक्रार कोपरगावला परतल्यावरही देता येते. 'पोलिसांची कटकट नको, दगड उडाला म्हणून लिहा' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दावा-अर्जाखाली सही मात्र मालकाची असते.

तीच सावधगिरी नूतनीकरणाच्या वेळी. मागील वर्षी दावा घेतला असताना नव्या कंपनीकडे 'दावा नाही' असे लिहून देणारे लोक सूट मिळवतात खरी. परंतु त्या घोषणापत्रातच लिहिलेले असते की माहिती असत्य आढळल्यास स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे सर्व लाभ जप्त होतील. कंपन्या परस्परांकडून खातरजमा करतात. मोठा अपघात झाल्यावर ही गोष्ट उघडकीस आली, तर काही हजारांच्या सुटीपायी काही लाखांचे संरक्षण हातचे जाते.

पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यास साठवलेला बोनस लोप पावतो. तसेच हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी एसयूव्ही विकताना विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागून घेतले, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या मोटारीस तो लावता येतो. विक्रीच्या धांदलीत हे पत्र मागायचे राहते आणि ५० टक्क्यांपर्यंत चढवलेला बोनस वाया जातो. ते पत्र गाडी हस्तांतरित होते त्याच आठवड्यात मागावे आणि मूळ प्रत पॉलिसीसोबत ठेवावी.