जावाच्या साखरेचा धडा



जागतिक बाजारात साखर तेजीत असल्याची बातमी आली की गावोगाव एकच प्रश्न निघतो: "निर्यात चालू झाली ना? मग उसाला चार पैसे जास्त का नाहीत?" प्रश्न रास्त आहे. पण परदेशचा बाजार म्हणजे आठवड्याचा बाजार नव्हे, की माल भरला, नेला आणि विकून आलो. तिथल्या दाराची कडी आपल्या हातात नसते. हे ध्यानात यावे म्हणून आज आम्ही इंडोनेशियाची हकिकत सांगणार आहोत.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी पांढरी साखर जावा बेटावरून येत असे. आज हे बेट इंडोनेशियात आहे. तेव्हा तिथे डचांचे राज्य होते. १९३० च्या सुमारास जावात पावणेदोनशेच्या आसपास साखर कारखाने होते आणि उत्पादन २९ लाख टनांच्या घरात होते. हिंदुस्थान हे त्यांचे फार मोठे गिऱ्हाईक. १९३२ साली इथल्या सरकारने देशी साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि बाहेरच्या साखरेवर जबर जकात कायम झाली. आपल्याकडे कारखाने उभे राहू लागले. जावात मात्र जागतिक मंदी आणि तुटलेले गिऱ्हाईक असा दुहेरी मार बसला. १९३५ साली उत्पादन पाच लाख टनांवर आले आणि चालू कारखाने पन्नासच्या आत राहिले.

जावाचा ऊस काही वाईट नव्हता. जगभर नावाजलेली पीओजे २८७८ ही जात तिथलीच. आपल्या जुन्या बागाइतदारांच्या आठवणीतला को ४१९ हा तिचाच वंशज. म्हणजे ऊस चांगला, शास्त्र चांगले, तरी गिऱ्हाइकाने दार लावले आणि धंदा बसला.

पुढे चक्र फिरले. तोच इंडोनेशिया आज साखर विकत घेणारा मोठा देश आहे. पण २०२० पर्यंत आपल्या कच्च्या साखरेला तिथे सहज वाव नव्हता. कारण काय, तर साखरेचा रंग! रंग मोजण्याचे इकुम्सा नावाचे माप आहे. आकडा जितका मोठा, तितकी साखर गडद. कच्ची साखर निदान १२०० आकड्याची असावी, असा तिथला नियम होता. उजळ कच्ची साखर शुद्ध न करताच कोणी दुकानात विकू नये, हा त्यामागचा हेतू. आपली साखर पडली उजळ. म्हणजे चांगली असूनही नापास! २०२० च्या सुमारास त्यांनी ही अट ६०० वर आणली, आपल्या साखरेवरची जकातही उतरवली. त्याच वेळी त्यांच्या शेजारच्या थायलंडमध्ये दुष्काळ पडला. २०१८-१९ साली तिथे १३ कोटी टन ऊस गाळला गेला होता, तो २०२०-२१ मध्ये सात कोटींच्या आत आला. जागा रिकामी झाली आणि आपली साखर आत शिरली.

२०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. तो उच्चांक होता. लगेच जून २०२२ पासून आपल्याच सरकारने निर्यातीवर बंधन घातले, २०२३-२४ च्या हंगामात तर निर्यात बंदच राहिली. पाऊस कमी झाला होता, देशातल्या माणसाला साखर महाग पडू नये ही काळजी सरकारला होती. ती आम्ही चुकीची म्हणत नाही. पण ज्या गिऱ्हाइकाला आपण हंगाम दोन हंगाम माल देतो आणि मग दुकान बंद करतो, ते गिऱ्हाईक ब्राझीलकडे, थायलंडकडे जाणारच. परत आणायचे तर भाव पाडून आणावे लागते, आणि तो पाडलेला भाव शेवटी उसाच्या बिलातूनच जातो.

आणखी एक गोष्ट. घरगुती वापराच्या साखरेत २०२८ पर्यंत स्वयंपूर्ण व्हायचे, असे इंडोनेशियाच्या सरकारने २०२३ साली ठरवले. ते साधेल न साधेल. पण आपण १९३२ साली जे केले तेच ते करू पाहत आहेत. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

तेव्हा आमचे म्हणणे असे. सरकारने निर्यातीचा कोटा गळीत सुरू होण्याआधी सांगावा, आणि एका हंगामापुरता नव्हे, निदान तीन हंगामांचे धोरण म्हणून सांगावा. ब्राझीलच्या मुख्य ऊसपट्ट्यात गळीत साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते. तिकडचे कारखाने थंड असतात तेव्हा आपले पेटलेले असतात. विक्रीचे खरे दिवस ते. जानेवारीत परवानगी मिळाली, तर करार करायचा कधी आणि कच्ची साखर काढायची कधी? एकदा पांढरी साखर पोत्यात भरली की ती काही परत कच्ची होत नाही. संचालक मंडळानेही गिऱ्हाईक मागेल त्या रंगाची कच्ची साखर काढण्याची तयारी ठेवावी.

आणि सभासदांना हात जोडून सांगणे एवढेच, की निर्यातीची बातमी वाचून लागणीचे क्षेत्र वाढवू नका. आज लावलेला ऊस तुटायला वर्ष-दीड वर्ष जाते. तोवर कडी कोण लावील, सांगता येत नाही. देशातली विक्री, अर्कशाळा आणि वीज ही आपली भाकरी. निर्यात हे कालवण. मिळाले तर गोड मानून खावे, पण चूल त्याच्या भरवशावर पेटवू नये.