तळ्याकाठचे घर आणि हंडाभर पाणी

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूर तालुका मुंबईच्या आणखी जवळ आला. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याने मुरबाड तर आधीपासूनच हाताशी होते. त्यामुळे आसनगाव, खर्डी, डोळखांब, टोकावडे या भागांत शनिवार-रविवारच्या घरांचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. त्यातही घराच्या पडवीतून धरणाचे पाणी दिसत असेल तर सोन्याहून पिवळे! आयुष्यभर दोन खोल्यांत काढलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाने निवृत्तीच्या उंबरठ्यावर असे स्वप्न पाहिले तर त्यात गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो हे स्वप्न सजवताना आपण कोणत्या गोष्टींचा विचार करतो, याचा.

भिंती उभ्या राहिल्या, कौले चढली की घरात खरी चर्चा सुरू होते. फरशी कोटा की शहाबादी, पडवीत झोपाळा की आरामखुर्च्या, दर्शनी भिंतीवर वारली चित्र कोणते, तळ्याच्या बाजूची खिडकी केवढी, अंगणात हिरवळ की छोटा जलतरण तलाव, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. पाणी कुठून आणायचे, हा विषय मात्र बहुधा शेवटी निघतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते, ‘बोअर मारू’.

या उत्तराचे गांभीर्य समजण्यासाठी आपण कोणत्या भूमीवर घर बांधत आहोत, हे पाहावे लागेल. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबईला जात आहे. पुढे वैतरणा आली, भातसा आले. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांची एकत्रित उपयुक्त साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे, आणि तिचा जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. मुरबाडच्या सीमेवरचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये उभारले. त्यावर आज कारखान्यांबरोबरच अनेक शहरांची तहान भागते. याउलट शहापूरच्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. तालुक्यातील ९७ गावांसाठी आणि अडीचशेहून अधिक पाड्यांसाठी थेट नाशिक जिल्ह्यातील भावली धरणातून पाणी आणण्याची योजना आखावी लागली, यातच सारे आले. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण येथे अक्षरशः जगली जाते.

येथे पाऊस कमी नाही. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास तो कोसळतो. परंतु उतार तीव्र आणि खाली काळा कातळ. पाणी धरून ठेवते ती फक्त कातळातील भेगा आणि झिजलेला थर. पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या विहिरी म्हणूनच फाल्गुनात तळ गाठतात. आपली विंधणविहीर याच भेगांतून पाणी ओढते. कुंपण आपले असले तरी त्याखालचे पाणी सामाईक असते, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

पर्याय आहे, आणि तो आपल्याच छपरावर पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे १ लाख ८५ हजार लिटर पाणी हाती लागते. चौघांचे कुटुंब डिसेंबर ते मे या काळात दर शनिवार-रविवार येथे राहिले आणि शहरी मापाने माणशी रोज १३५ लिटर वापरले, तरी त्याची गरज २८ हजार लिटरच्या आसपास राहते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशी एक टाकी पडवीखाली बांधली की उन्हाळा निभावतो. याउलट दहा मीटर लांबीचा आणि पाच मीटर रुंदीचा बेताचा जलतरण तलाव एकदा भरायलाच ६० हजार लिटर लागतात. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसासाठी धरलेले प्रमाण रोजचे ५५ लिटर आहे. म्हणजे आपली एक डुंबण्याची हौस आणि हजारावर माणसांची एका दिवसाची गरज यांचे माप एकच!

जी गोष्ट पाण्याची, तीच सांडपाण्याची. भेगाळलेल्या कातळात शोषखड्डा चुकीच्या जागी खणला तर मैला शेजारच्या विहिरीत किंवा थेट जलाशयात उतरू शकतो. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला हवा. न्हाणीघराचे पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडता येते. पाहुण्यांना कौतुकाने दाखवण्यासारख्या या गोष्टी नसतील, पण घर पूर्ण झाले की नाही ते त्यांवरच ठरते.

भिंतीवरच्या वारली चित्राबाबतही थोडे बोलायला हवे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे सहजी जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत परवानगीची कडक तरतूद आहे, तर बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेण्यावर १९४८ च्या कूळकायद्याचे बंधन आहे. दुसऱ्याच्या नावावर जमीन ठेवून किंवा गुंठ्यांचे तुकडे पाडून या तरतुदींना वळसा घालता येतो, हे उघड गुपित आहे. आपल्या घराच्या विटा थापणारे हातही बहुधा पावसाळा सरताच भट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकऱ्यांचे असतात. त्यांची कला भिंतीवर मिरवायची आणि त्यांची जमीन, पाणी, मजुरी यांविषयी मौन बाळगायचे, याला सजावट म्हणता येईल; आपुलकी नव्हे.

सारा भार व्यक्तीच्या सद्सद्विवेकावर टाकूनही चालणार नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. तळ्याकाठच्या प्रत्येक घराला, भूखंड लहान असला तरी, हीच अट लावली पाहिजे. टाकी आणि सांडपाण्याची व्यवस्था प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. नव्या विंधणविहिरीची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी आणि ती कुठे व किती खोल घ्यायची, याविषयी ग्रामसभेचे मत घेतले जावे.

मुंबईकर शहापूरचे पाणी सव्वाशेहून अधिक वर्षे नळातून घेत आहे. आता तो त्याच पाण्याच्या काठी राहायला येतो आहे. निदान येथे तरी त्याने दुसऱ्यांदा पाणी मागू नये. वास्तुशांतीच्या दिवशी पडवीखालची टाकी भरलेली असेल आणि शेजारच्या पाड्यावरची विहीर वैशाखातही आटली नसेल, तर ते घर गावाचेही होईल. नाहीतर तळ्याकडे उघडणारी ती मोठी खिडकी केवळ एक चित्राची चौकट ठरेल, आणि त्या चित्रात डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका तेवढ्या दिसणार नाहीत.